हातगुणाचा चार्ज

३ डिसेंबर, मंगळवार

ही डायरी एका औषध कंपनीने दिलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी जुलाबावरच्या गोळीचं नाव छापलंय, त्यामुळे मनातलं मोकळं करायला वातावरण एकदम अनुकूल.

आज जेवताना मी डॉक्टरांना सांगितलं की चौदा तारखेची गोंदियाहून गाडी आहे, आपण पुरीला जातोय, तिथून पुढे विशाखापट्टणमला, आणि तिकिटं काढून झालीत. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"कोण वारलं?"

यात त्यांची चूक नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात नाकाडोंगरी सोडून आम्ही जोडीने जिथे जिथे गेलो, तिथे कुणाचं तरी लग्न होतं नाहीतर तेरावं.

"कुणी वारलं नाही. मला समुद्र बघायचाय."

"समुद्र काय पळून चाललाय?"

"तो नाही पळत. म्हणून आपल्याला जायचंय."

मग अपेक्षेप्रमाणे ते वाक्य आलं, "आणि माझे पेशंट?" लोक 'माझे म्हातारे आईवडील' ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात.

आमचं आडनाव पटले. 'लोकांना पटले, म्हणूनच पाटीवर पटले' हा विनोद डॉक्टर प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात आणि मी प्रत्येक वेळी चहा आणायला आत जाते.

शेवटी तह झाला. त्यांच्या जागी बसायला लायक माणूस मिळाला तर ते येणार. असा माणूस जगात नाही याची त्यांना खात्री असल्यामुळे ते शांतपणे झोपले.

५ डिसेंबर, गुरुवार

लायक माणसाचा शोध. तुमसरचे एक डॉक्टर यायला तयार होते. हे म्हणाले, तो आल्यागेल्याला सलाईन लावतो. दुसऱ्यांचं नाव काढलं, तर ते पेशंटवर ओरडतात. (आमच्या दवाखान्यातून कालच जो आवाज येत होता तो बहुधा भजनाचा असावा.) तिसरे सज्जन आहेत, हुशार आहेत, कुणावर ओरडत नाहीत. त्यांच्यात खोट सापडेना म्हणून हे बराच वेळ येरझारा घालत राहिले आणि मग म्हणाले, "लोकांना तोच आवडला तर?"

बावीस वर्षांत इतकं खरं वाक्य त्यांच्या तोंडून मी दोनतीनदाच ऐकलं असेल.

८ डिसेंबर, रविवार

मीच माणूस शोधला. माणूस नाही, मुलगी. भंडाऱ्याच्या माझ्या बालमैत्रिणीची कामिनी. एमबीबीएस झाली, पुढच्या प्रवेशाची वाट बघत घरी बसलीय आणि आईच्या मते फ्रिजचं दार उघडण्यापलीकडे सध्या काही करत नाही.

आज ती एसटीने आली. डॉक्टरांनी मुलाकडची मंडळी मुलगी बघतात तशी तिला बघितली. स्वयंपाक येतो का, एवढंच विचारायचं ठेवलं. विंचू चावला तर काय देशील, तापात पोराला झटका आला तर काय करशील. तिने खाली मान घालून सगळं बरोबर सांगितलं. यांचा चेहरा उतरत गेला.

जाताना तिने यांना विचारलं, "सर, जुन्या पेशंटची औषधं पुन्हा बघायची का, की आहे तसंच चालू ठेवायचं?"

"आहे तसंच," हे म्हणाले. "त्यात बघण्यासारखं काही नाही."

१० डिसेंबर, मंगळवार

बातमी फुटली. कंपाउंडर कैलाशला 'कुणाला सांगू नकोस' म्हटलं होतं, म्हणजे ती फुटणारच होती.

सगळ्यांत आधी आल्या कुंताबाई. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. वय सत्तरीच्या पुढे, बीपी आहे, आणि मुख्य म्हणजे खोकला आहे. कोरडा, ठसक्याचा, न संपणारा. त्यांचा खोकला सुरू झाला की आमच्या मांडणीवरची भांडी वाजतात. डॉक्टरांनी आजवर त्याचं खापर आधी धानगिरणीच्या कोंड्यावर फोडलं, मग चुलीच्या धुरावर. गिरणी मालकाने दुसरीकडे हलवली, सुनेने गॅस घेतला, तेव्हापासून ते वयावर फोडतात. बाटल्यांवर बाटल्या झाल्या. माझं स्वतःचं मत असं की म्हातारीला कुणी विचारत नाही म्हणून ती खोकते.

"मी आयकलं ते खरं का जी, डाक्टर?" कुंताबाई दारातच खोकून म्हणाल्या. "तुमी जाऊन राह्यले?"

"बारा दिवसांचा तर प्रश्न आहे कुंताबाई. मॅडम येताहेत ना, भंडाऱ्याच्या."

"त्या पोरीच्या हाताले गुन हाये का?"

"हातगुण वगैरे काही नसतं. औषध तेच असतं."

"तं मंग कैलाशनं देल्लेली गोळी मले काहून लागू पडत नाई? तुमी देल्ली का पडते."

डॉक्टर त्यांच्याशी पाच मिनिटं अंधश्रद्धेवर बोलले. बोलताना इतके खूश होते की मला लाज वाटली. त्या म्हाताऱ्या बाईला वैज्ञानिक दृष्टिकोन समजावत असताना आपला उजवा हात ते सारखा नीट बघत होते.

संध्याकाळपर्यंत रांग लागली. लोक आपापल्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन आले. "खायाचं तं नंतर खाऊ, जी. तुमी फक्त हात लावून द्या." डॉक्टर "काय हा मूर्खपणा" म्हणत प्रत्येक पट्टीला हात लावत होते. एकाने बाटली पुढे केली. ती फिनाईलची निघाली. तिलाही लावला.

पण कुंताबाईंनी जाताना माझ्याजवळ स्पष्ट सांगितलं, डॉक्टर येईस्तोवर गोळी बंद. बारा दिवस बीपीची गोळी बंद म्हणजे काय, हे डॉक्टरच्या बायकोला सांगावं लागत नाही. रात्री जेवताना हे म्हणाले, "बघ. आता कसं जायचं?" आवाज दुःखी होता. पोळी मात्र नेहमीपेक्षा एक जास्त खाल्ली.

११ डिसेंबर, बुधवार

पेच सोडवला वासुदेवरावांनी. ते भंडाऱ्याच्या एका कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. कार्यालय त्यांच्यातून अजून निवृत्त व्हायचंय. साखर तपासायला आले होते.

"वहिनी, मूळ चूक कुठे झाली ते सांगू? डॉक्टरसाहेब रजेवर चाललेत, पण चार्ज कुणाला दिलाच नाही. चार्ज न देता गेलेला माणूस रजेवर नसतो, तो फरार असतो."

मी हसणार होते. पण बाकावर बसलेले सगळे मान हलवत होते. कुंताबाईसुद्धा. त्यांचा नवरा जंगल खात्यात नाकेदार होता. चार्ज दिल्याघेतल्याशिवाय तो नाक्यावरून कधी हलला नाही, आणि एकदा चार्ज दिल्यावर साहेब आला तरी उठून उभा राहिला नाही, म्हणे.

मी म्हटलं, "मग हातगुणाचा चार्ज देता येतो का हो, वासुदेवराव?"

"सरकारात काय देता येत नाही? फक्त चारचौघांसमोर झालं पाहिजे."

कुंताबाईंनी विचार केला, खोकल्या, आणि म्हणाल्या, "हे नेमाचं झालं."

ही कल्पना माझी, हे इथे नोंदवून ठेवते. वासुदेवराव सगळीकडे स्वतःचीच म्हणून सांगताहेत.

१३ डिसेंबर, शुक्रवार

समारंभ पार पडला. डॉक्टर "मी या तमाशात नाही" म्हणत इस्त्रीचा शर्ट घालून आले. कामिनीला मी आधीच सांगून ठेवलं होतं. तिचा चेहरा गंभीर होता, पण ओठ दाबून धरल्यामुळे गालाला खळी पडत होती.

डॉक्टरांनी तिच्या हातावर हात ठेवला. वासुदेवराव बाजूला उभे राहून म्हणाले, "हातगुण, सर्व, सुस्थितीत, दिला." मग कामिनीकडे बघून, "घेतला म्हणा."

"घेतला," कामिनी म्हणाली.

टाळ्या झाल्या. कुंताबाईंनी तिथल्या तिथे कामिनीच्या हातून गोळी घेऊन गिळली आणि सगळ्यांकडे असं बघितलं की जणू नवा पूल त्यांनीच आधी ओलांडून दाखवला. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "सारा गुन देऊन टाकला तं डाक्टरजवळ काय राह्यलं?"

हे रात्रभर कूस बदलत होते. एकदा म्हणाले, "अर्धाच द्यायला हवा होता."

१६ डिसेंबर, सोमवार. पुरी

समुद्र पाहिला. त्याबद्दल लिहायला गेले तर जुलाबाच्या गोळीचं पान पुरणार नाही, म्हणून लिहीत नाही. मी पाण्यात उभी राहिले, लाट आली, पायाखालची वाळू सरकली, आणि मी चारचौघांत मोठ्याने किंचाळले. आता चाळिशी संपायला आली. हे आधीच व्हायला हवं होतं.

डॉक्टर बूट घालून कोरड्यात उभे होते. हातात फोन.

"कैलाश, किती पेशंट?... सगळे?... कुणी काही म्हणालं का?... काहीच नाही?... नीट आठव."

फोन ठेवून म्हणाले, "सगळं सुरळीत आहे म्हणे." मंदिरासमोरून चपला चोरीला गेल्यावर माणूस असाच दिसतो.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज बूट काढले. दोन लाटांनंतर त्यांनी मला विचारलं, "कामिनीचं बोलणं लोकांना कळत असेल का?" मी म्हटलं, अहो, ती भंडाऱ्याची आहे, भूतानची नाही.

चार दिवसांत एकही तक्रार नाही. हे तब्येतीने खंगताहेत.

२३ डिसेंबर, सोमवार. विशाखापट्टणम, दुपार



जेवून उठलो, कैलाशचा फोन आला. नाकाडोंगरीत रेंज येते तीही पाहुण्यासारखी, चहा व्हायच्या आत निघून जाते. स्पीकरवर तुटक ऐकू आलं, "साहेब... कुंताबाई शांत झाली जी... सारी गल्ली... कामिनी मॅडमनं लगीत..." लगीत म्हणजे आमच्याकडे खूप; पण खूप काय, ते कळायच्या आत बंद. पुन्हा लावला तर लागेना.

शांत झाली.

डॉक्टर पलंगावर बसले. "मी जायला नको होतं," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, कामिनीला फोन लावा. त्यांनी नंबर काढला आणि फोन पालथा ठेवून दिला. "त्या पोरीला काय विचारू? कशी गेली म्हणून? तिच्या आयुष्यातला पहिला मृत्यू असेल." मग कुंताबाईंच्या घरचा नंबर काढला. तोही पालथा.

खरं लिहायचं तर मला कुंताबाईंचं वाईट वाटायच्या आधी एक क्षण सुट्टीचं वाटलं. नंतर कुंताबाईंचं वाटलं, आणि मग दोन्ही मिळून इतकं वाटलं की मी कपाट उघडून बॅग भरायला घेतली. मी ओढून आणलं त्यांना. माझ्या समुद्रापायी.

संध्याकाळच्या गाडीचं बघायला स्टेशनवर निघतोय.

त्याच दिवशी, संध्याकाळ

प्लॅटफॉर्मवर बसलो होतो. माझा फोन वाजला. कुंताबाईंच्या सुनेचा नंबर. मी उठून थोडी लांब गेले, अशा वेळी काय बोलतात ते मनात जुळवलं आणि म्हटलं, "ऐकलं हो. फार वाईट झालं."

"काय वाईट झालं वो?" पलीकडून कुंताबाईंचा आवाज आला.

मी फोन कानापासून काढून नंबर पुन्हा बघितला.

"राखी? आयकून राह्यली का? मी म्हनलं, समुद्राचं पानी खरंच खारं रायते का, का लोक उगाच बोलतेत? येक बाटलीभर घेऊन येजो."

"कुंताबाई, तुम्ही... कैलाश म्हणाला तुम्ही शांत झालात!"

"झालीच न! चार दिस झाले, खोकला बसला. रातभर झोपतो आमी. सारी गल्ली झोपते. कैलाशले मीच म्हनलं, सांग डाक्टरले. काहून, त्यानं काय सांगतलं?"

मी हसत होते की रडत होते ते कळेना, म्हणून शेजारच्या तेलुगू बाईंनी मला पाणी दिलं. डॉक्टरांनी धावत येऊन फोन हिसकावून घेतला. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "कुंताबाई, जरा खोकून दाखवा."

"खोकला येतच नाई तं कुठून आनू जी?"

मग यांनी कामिनीला फोन केला. मला फक्त इकडचं ऐकू आलं. "हं... कोणती?... पांढरी?... कधी बंद केलीस?... हं... हं... नाही, नाही. बरोबर केलंस." त्यानंतर गाडी आली, थांबली, निघून गेली. आम्ही चढलो नाही. हे रिकाम्या रुळांकडे बघत बसले.

रिक्षात मी विचारलं, काय म्हणाली कामिनी? तिने कुंताबाईंची बीपीची पांढरी गोळी बंद करून पिवळी दिली म्हणे. दवाखान्यात बसली त्याच दिवशी. आता बीपीच्या गोळीचा खोकल्याशी काय संबंध? नवी सून आली की पहिल्याच दिवशी डबे इकडचे तिकडे करते, तसंच नव्या डॉक्टरांचं. खोकला कशाने गेला हे उघड आहे. चार्जने. म्हातारीला चारचौघांत मान मिळाला, विचारपूस झाली, खोकला बसला. आणि ती कल्पना माझी होती. पण हे कशाला कबूल करतील!

२४ डिसेंबर, मंगळवार

उरलेले दिवस वाचले. आज मी समुद्रात कमरेपर्यंत गेले.

डॉक्टर वाळूत बसून होते. मधेच म्हणाले, "राखी, कुंताबाईंना पांढरी गोळी मी कधी सुरू केली गं?"

"तुमच्या भाचीच्या लग्नाच्या वेळी. त्यांना मांडवात चक्कर आली होती."

"आणि खोकला?"

"लग्नाचे लाडू संपायच्या आत. आठवतं ना, मी म्हटलं होतं, बुंदी तेलकट होती म्हणून."

माणूस समुद्रावर आणला तरी त्याला पेशंटच दिसतात! पण एक खरं, त्यांना समुद्र आवडला असावा. अंधार पडेपर्यंत नुसते बघत होते आणि घरी चला म्हणाले नाहीत.

२७ डिसेंबर, शुक्रवार. घरी

आल्या आल्या दवाखान्यात सभा. वासुदेवराव तयारीत होते. "आता चार्ज परत घ्या, साहेब."

कामिनीने हात पुढे केला. ती यांच्याकडे बघत नव्हती, बिचारी घाबरली होती असं मला वाटलं. तेवढ्यात कुंताबाई पुढे घुसल्या आणि पिवळ्या गोळ्यांची उरलेली पट्टी टेबलावर ठेवली.

"हे घ्या तुमची. पोरीनं चांगलं केलं, तिच्या हाताले गुन हाये, मी नाई कायले म्हनू? पन आता तुमी आले. मले माही पांढरी द्या."

डॉक्टर एकदा पट्टीकडे, एकदा कामिनीकडे बघत होते. मला वाटलं, खूश झाले. त्यांच्या हातची गोळी मागायला माणूस तंदुरुस्त होऊन परत आला, आणखी काय हवं! कैलाशने तर कपाटातून पांढरी पट्टी काढलीसुद्धा.

"ठेव ती," डॉक्टर कैलाशला म्हणाले. आणि मग, "कुंताबाई, पांढरी माझ्याकडून मिळणार नाही."

"काहून जी? मी काय केलं?" म्हातारीने पुढे केलेला हात मागे घेतला. "दुसरीच्या हातची खाल्ली म्हून?"

मला राग आला. इतका कसला ताठा! हे खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून आले, ती पिवळी पट्टी उचलली आणि दोन्ही हातांनी कुंताबाईंच्या हातात ठेवली.

"ही घ्या. ही माझ्या हातची. पण सांगितली मॅडमनी, हे ध्यानात ठेवा."

"म्हंजे चार्ज कोनाकडं?" कुंताबाईंनी विचारलं.

"माझ्याकडे पूर्ण नको," डॉक्टर म्हणाले. "मॅडम दर गुरुवारी भंडाऱ्याहून येतील. जुन्या सगळ्या पेशंटच्या गोळ्या आम्ही दोघं मिळून बघू."

"संयुक्त चार्ज," वासुदेवराव म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर बढती मिळाल्यासारखं तेज आलं. "नियमात बसतं."

कामिनीने आत येऊन मला नमस्कार केला. डोळे पुसत होती. मी म्हटलं, अगं, प्रवासखर्चाची काळजी करू नकोस, तुझ्या आईशी मी बोलते.

४ जानेवारी, शनिवार

आता मात्र हद्द झाली.

डॉक्टरांनी नवंच सुरू केलंय. येईल त्या पेशंटला ते विचारतात, "ही गोळी सुरू केल्यापासून नवीन काही झालं का?" आणि नाकाडोंगरीच्या माणसाला असा प्रश्न विचारायचा असतो का?

"झालं न जी. म्हैस आटली."

"तसं नाही, तुम्हाला काही..."

"मले? माह्या साळ्यानं बोलनं सोडलं."

कालच एकजण धान कधी पेरलं इथपासून सुरू झाला. डॉक्टर पूर्वी अशांना मध्येच तोडायचे, "जीभ दाखवा, पुढचा या." आता ऐकतात! हनुवटीला हात लावून ऐकतात. एका बाईला तर चक्क म्हणाले, "मला नक्की माहीत नाही. विचारून सांगतो." डॉक्टरने असं म्हणायचं? बावीस वर्षं त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. बाई घाबरून बाहेर आली आणि मला विचारते, "माह्यं लगीत बिघडलं का वो?"

बाराला आटोपणारा दवाखाना तीनपर्यंत चालतो. भात दोनदा गरम करावा लागतो. सुट्टी काढून मी हे मिळवलं.

आज कैलाशनेही मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, साहेब बिमार तं नाई ना जी? पह्यलेसारखे चिल्लावत नाई."

मी म्हटलं, "नाही रे. समुद्र लागलाय त्यांना. उतरेल हळूहळू."